पाहुण्याला सांगायचं नाव

क्रॅन्सेटच्या रस्त्यावर सरपणाची गाडी आली, की तिच्या फळीवरची पांढरी अक्षरं लांबूनच दिसायची : ‘ए. डेथ, सरपण आणि काटक्या’. गाववाल्यांना त्याचं काही वाटत नसे. इंग्लंडात सफोकच्या त्या भागात या आडनावाची माणसं शेकड्यांनी होती. पण चार गावं पलीकडे गेलं, की ही गाडी ज्या दारासमोर थांबे त्याच्या समोरच्या खिडक्यांचे पडदे हलत. एकदा डॉक्टरांनी अँब्रोज डेथला बाजूला घेतलं. ‘हे बघ, मिसेस टॉलींना न्यूमोनिया झालाय. बिचाऱ्या सकाळपासून पलंगावरून तुझी फळी वाचतायत. गाडी जरा पुढे घेशील का?’

अँब्रोजने गाडी पुढे घेतली. दुसऱ्या दिवशी तो आला तो फळीवर पोतं टाकूनच. मिसेस टॉली बऱ्या झाल्या आणि पुढे वीस वर्षं सगळ्यांना सांगत राहिल्या, की मृत्यू माझ्या दारात आला होता, पण काटक्यांच्या तीन मोळ्या टाकून गेला.

अँब्रोजच्या मुलीला, ईव्हला, ही गोष्ट कितीही वेळा ऐकली तरी पुरत नसे. आडनावाच्या बाकीच्या गोष्टी अशा हसण्यासारख्या नव्हत्या. शाळेत हजेरीला तिचं नाव आलं, की मागच्या बाकावरून कुणीतरी गळा आवळून मरायचं सोंग करी. मास्तर ते नाव ‘डीथ’ असं लांबवून, मऊ करून घ्यायचे. गावातही तोच उच्चार होता. पण कागदावर अक्षरं होती तीच होती, आणि वाचता तर सगळ्यांनाच येत होतं.

‘बाबा, आपलं नाव असं कसं?’ आठ वर्षांची असताना तिनं विचारलं होतं. अँब्रोज चुलीपाशी बसून मोळ्या बांधायला हेझलच्या ओल्या फांद्या पिळत होता.

‘तीन जण तीन गोष्टी सांगतात,’ तो म्हणाला. ‘पाद्रीसाहेब म्हणतात, समुद्रापलीकडे फ्लँडर्समध्ये आथ नावाचं गाव आहे. आपला कुणी विणकर पूर्वज तिथून आला, म्हणून आपण ‘द आथ’, आथचे. मास्तर म्हणतात, आग पेटवायच्या काडीकचऱ्याला जुन्या बोलीत असाच काहीसा शब्द होता. आपण पिढ्यान्‌पिढ्या काटक्या विकतो, तेव्हा तेच खरं.’

‘आणि तिसरी?’

‘तिसरी गावाची. पूर्वी चर्चच्या अंगणात नाटकं व्हायची ना, तेव्हा जो जे सोंग घेई त्याला तेच नाव चिकटे. आपल्याकडे डुकरं राखणारे ते किंग आहेत, ते काय राजे होते? कुणी खापरपणजोबा राजा झाला असेल एकदा, गोणपाट नेसून. तसा आपल्यातला कुणीतरी मृत्यू बनला.’

‘तुम्हाला कुठली खरी वाटते?’

अँब्रोजने फांदी पिळून गाठ मारली. ‘दर जानेवारीत मी काय नेसतो, तू बघतेसच की.’

आडनाव बदलता येत नाही, पण त्याच्यासमोर उभं करायला नाव तरी निवडता येतं, असं त्या घराण्याचं धोरण होतं. थोरल्या मुलासाठी पाद्र्याच्या पुस्तकातून जीवनाचं नाव शोधून काढायचं. आजोबा अथनेशियस, म्हणजे न मरणारा. वडील अँब्रोज, त्याचाही अर्थ तोच. आणि मुलगा झालाच नाही तेव्हा मुलीला ईव्ह. ईव्ह म्हणजे जीवन.

‘पण आजोबा तर मेले,’ ईव्ह म्हणाली होती.

‘मेले. पण घाई केली नाही.’

नाताळचे बारा दिवस सरून माणसं पुन्हा नांगराला हात घालतात, तो नांगर-सोमवार. त्या दुपारी मोठ्या शेतावरच्या कोठारासमोर गावाचं नाटक व्हायचं. सरदार आणि परदेशी शिपाई लाकडी तलवारींनी लढायचे, सरदार पडायचा, डॉक्टर त्याला बाटलीतलं काहीतरी पाजून उठवायचा, विदूषक सगळ्यांच्या टोप्या उडवायचा. बिअरचा जग हातोहात फिरायचा. आणि मग ढोल थांबायचा.

कोठाराच्या अंधारातून तो यायचा. नाटकात त्याला नाव नव्हतं, सगळे ‘पाहुणा’ म्हणत. काजळीनं काळं केलेलं गोणपाट, पिठानं पांढरा केलेला चेहरा, पाठीवर काटक्यांची मोळी, आणि हातात त्याच सकाळी तोडून सोललेली ॲशच्या झाडाची काठी. अँब्रोजला अभिनय कुणी शिकवला नव्हता. पण त्याला थांबता यायचं. उंबरठ्यावर तो इतका वेळ नुसता उभा राही, की हसणारी माणसं आपोआप गप्प होत, शेवटी एखादं पोर आईच्या झग्यात तोंड खुपसे, आणि मगच त्याचा पाय पुढे पडे. मोठ्या शहरांतल्या मोठ्या नटांनाही ही गोष्ट सहजी जमत नाही.

त्याची वाक्यं दोनच. गोल उभ्या असलेल्या एकेकापुढे जाऊन तो विचारी, ‘तुझं नाव काय?’ आणि त्या दिवशी, त्या प्रश्नाला, कुणीही खरं नाव सांगायचं नाही.

‘मी नॉरिचच्या बिशपसाहेबांची डावी मिशी.’

‘लंडनचा महापौर. विजार धुवायला टाकलीय म्हणून ओळखू येत नाही.’

पाहुणा काठी जमिनीवर आपटून म्हणे, ‘यादीत नाही,’ आणि पुढच्याकडे वळे. सहा वर्षांच्या ईव्हनं पहिल्यांदा उत्तर दिलं तेव्हा खूप विचार करून सांगितलं होतं, ‘मी बटाट्यांची राणी.’ पिठाच्या थराखाली बाबांच्या गालाची शीर हलली ती फक्त तिलाच दिसली होती.

पण कुणी खरं नाव सांगितलं, तर पाहुणा काहीच बोलत नसे. पाठीवरच्या मोळीतून एक काटकी मोडून तो त्या माणसाच्या हातात ठेवी. पुढच्या नांगर-सोमवारी कोठाराच्या दारावरचं ऊन जाईपर्यंत त्या माणसाची मुदत, असं गाव मानायचं.

ईव्ह चार वर्षांची असताना रूबेन कॅटरमोल या लोहारानं खरं नाव सांगितलं होतं. प्यालेला होता. ‘रूबेन कॅटरमोल, आणि तुझ्यासारखे छप्पन्न पाहिलेत,’ असं म्हणून त्यानं काटकी दातात धरून नाचही केला. सुगीच्या आधी नाल ठोकताना घोड्याची लाथ छातीत बसून तो गेला. तेव्हापासून अँब्रोज लोहाराच्या बायकोकडे हिवाळाभराचं सरपण टाकत आला. तिनं कधी मागितलं नाही, त्यानं कधी विचारलं नाही.

उलट विधवा टॅबिथा पेक दर वर्षी मुद्दाम खरं नाव सांगायची. तिचा नवरा आणि दोन्ही मुलं आधीच गेली होती. ‘टॅबिथा पेक, टॅबिथा पेक. एकदा तरी नीट ऐकून घे की, मेल्या,’ असं ती पाहुण्याला खडसावायची. तिच्या चुलीवरच्या फळीवर काटक्यांची रांग जमली होती आणि ती ठणठणीत होती.

‘मग हे सगळं खोटं?’ ईव्हनं एकदा विचारलं. तिची आई केझाया त्याच वर्षी फुप्फुसाच्या आजारानं गेली होती, आणि तिनं तर जन्मभर चोख खोटी नावं सांगितली होती.

‘पाहुणा न विचारताही येतो, पोरी,’ अँब्रोज म्हणाला. ‘खरं की खोटं, मला ठाऊक नाही. पण कान माझे आहेत ना. रूबेनचं नाव अजून इथे बसलंय, कुसळासारखं.’ मग त्यानं तिला तेही सांगितलं, जे त्याच्या बापानं त्याला सांगितलं होतं. नाव परत घेता येतं. त्याच दिवशी, त्याच जागी, दारावरचं ऊन जायच्या आत, पाहुण्यानं काठी दुसऱ्याच्या हातात द्यायची. त्यानं पाहुण्याला नाव विचारायचं. पाहुण्यानं आपलं खरं नाव सांगितलं, की आधीचं नाव सुटतं.

‘असं कुणी केलंय?’

‘नाही. ज्यानं काठी घेऊन एकदा प्रश्न विचारला तो पुढे जन्मभर पाहुणा. कोण घेईल हातात?’

ईव्ह चोविसाव्या वर्षी इप्सविचला एका शिंप्याकडे कामाला गेली आणि तिथे तिला सिरिल गॅरड भेटला. सायकलींच्या दुकानात काम करणारा, बोटांना कायम वंगण लागलेला, कशावरही विश्वास नसलेला आणि सगळ्यांना जीव लावणारा माणूस. लग्नाच्या नोंदवहीत तिनं जुनं आडनाव शेवटचं लिहिलं तेव्हा कारकून चपापला. सिरिल म्हणाला, ‘घाबरू नका साहेब, आजपासून ती बरी होणार आहे.’ ईव्ह इतकी हसली, की सही वाकडी झाली. मिसेस गॅरड. दुकानदार हे नाव लिहून घेताना मान वर करत नसत. ते सुख काय असतं, हे ज्याचं नाव मुळातच साधं आहे त्याला कळायचं नाही.

पुढच्या जानेवारीत ती सात महिन्यांची गरोदर होती. बाळंतपणाला माहेरी राहायचं ठरलं होतं, म्हणून नांगर-सोमवारी सिरिल तिला सोडायला आला. पहिल्यांदाच नाटक बघणार म्हणून तो खुशीत होता. बिअर, डुकराच्या मांसाचे गार काप आणि पाव हातात घेऊन तो कोठारापुढे उभा राहिला आणि सरदार पडला तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं हळहळला.

ढोल थांबला. अँब्रोज उंबरठ्यावर येऊन उभा राहिला. ‘हे तुझे बाबा?’ सिरिलनं हळूच विचारलं. त्याच्या आवाजातली मजा थोडी उतरली होती.

पाहुणा गोल फिरत आला. सिरिलनं नाव सांगितलं, ‘ब्राझीलचा बादशहा.’ काठी आपटली. यादीत नाही. मग तो ईव्हपुढे थांबला.

‘तुझं नाव काय?’

ईव्हनं या वर्षीचं नाव आठवडाभर आधीच ठरवून ठेवलं होतं आणि ते तिला फार गमतीचं वाटत होतं. जे आता आपलं राहिलंच नाही, ज्यातून आपण सुटलो, त्याच्याइतकं खोटं नाव दुसरं कुठलं असणार? ती हसून, मान वर करून म्हणाली, ‘ईव्ह डेथ.’

काठी आपटली नाही.

तिला आधी वाटलं, बाबा नेहमीसारखे थांबलेत. मग तिनं त्यांचा हात पाहिला. तो पाठीवरच्या मोळीकडे गेला होता आणि तिथेच अडकला होता. कुठेतरी बिअरचा पेला खाली ठेवल्याचा आवाज आला.

‘अगं, काय बोललीस हे,’ जोनस कॅटरमोल म्हणाला. हा रूबेन लोहाराचा मुलगा, आता गावचा लोहार, आणि नाटकातला विदूषक. त्याच्या टोपीची घुंगरं एकदा वाजली आणि त्यानं ती हातानं धरून थांबवली.

‘पण ते खोटं आहे,’ ईव्ह म्हणाली. ‘मी गॅरड आहे आता.’

मग सगळे एकदम बोलायला लागले.

‘बरोबर आहे पोरीचं. लग्न झालंय तिचं.’

‘लग्नानं काय होतं? बाप्तिस्म्याचं पाणी कुठल्या नावावर पडलं?’

‘पाणी ईव्हवर पडलं. आडनावावर पडत नाही पाणी.’

‘मग ईव्ह तर खरंच झालं ना, शहाण्या.’

‘पाद्रीसाहेब, तुम्ही सांगा.’

पाद्री मिस्टर पेटिवर्ड कुंपणापाशी उभे होते. ‘हा काही चर्चच्या अखत्यारीतला विषय नाही,’ ते म्हणाले आणि आपल्या बुटांकडे बघू लागले. टॅबिथा पेक आपल्या खुर्चीतून म्हणाली, ‘एकवीस वर्षं सांगतेय मी, माझं घेत नाही. हिचं कशाला घेईल?’ पण तिच्याकडेही कुणी हसून पाहिलं नाही.

शेवटी अँब्रोज बोलला, आणि तो पाहुण्याचा आवाज नव्हता, सरपण विकणाऱ्या म्हाताऱ्याचा होता.

‘तू जन्मलीस तेव्हा ते नाव मीच ठेवलं, पोरी. माझ्या कानाला ते खोटं लागतच नाही.’

ईव्हच्या पोटात बाळानं लाथ मारली. तिनं दोन्ही हात तिथे नेले. गावात कुणी उघड बोललं नाही, पण बाळंतपणाचा मार्च महिना प्रत्येकाच्या मनात येऊन गेला असणार, कारण सगळ्या बायका तिच्या हातांकडे बघत होत्या.

अँब्रोजने वर पाहिलं. कोठाराच्या दारावर वरच्या बिजागरीपाशी वीतभर ऊन उरलं होतं. त्यानं काठी आडवी धरून जोनसपुढे केली.

जोनस दोन पावलं मागे सरला. ‘नाही अँब्रोज. माझ्या बापाचं नाव ऐकलंय अशाच काठीनं. तू मला भावासारखा आहेस, पण मी हिला हात लावणार नाही.’

अँब्रोज दुसऱ्याकडे वळला. मग तिसऱ्याकडे. माणसं एकेक करून नजर खाली घालत होती. ती वाईट नव्हती. त्यांनी या म्हाताऱ्याकडून चुलीला काटक्या घेतल्या होत्या, त्याच्या बायकोच्या शवपेटीला खांदा दिला होता. पण काठी ती काठी.

‘काय चाललंय काय?’ सिरिल म्हणाला. ‘आणा इकडे ती. माझी बायको गारठतेय.’

‘सिरिल, नको,’ ईव्हनं त्याची बाही धरली. ‘बाबा, देऊ नका त्याला. मी चुकले, माझं मी बघीन.’

‘पोरा, एकदा धरलीस की सुटत नाही,’ जोनस म्हणाला.

‘सायकलच्या पंपापेक्षा जड दिसत नाही,’ सिरिल म्हणाला आणि त्यानं काठी घेतली. बाही ईव्हच्या मुठीतून निसटली. ‘बोला, काय म्हणायचं?’

‘मी म्हणतो तेच.’

सिरिल जरा हसत, जरा ओशाळत म्हणाला, ‘तुझं नाव काय?’

अँब्रोजने बाहीनं चेहऱ्यावरचं पीठ पुसलं. सुरकुत्यांत पांढरं राहिलं, बाकी त्याचा लाल, वाऱ्यानं रापलेला चेहरा दिसू लागला. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा त्या वर्तुळात तो चेहरा दिसत होता. त्यानं पाठ सरळ केली.

‘अँब्रोज डेथ. अथनेशियसचा मुलगा. क्रॅन्सेटचा.’

ईव्हनं वडिलांना आपलं पूर्ण नाव इतक्या स्वच्छ, इतक्या भरल्या आवाजात घेताना कधी ऐकलं नव्हतं. चर्चमध्येसुद्धा ते नाव सांगताना खाकरत असत.

‘आता?’ सिरिलनं विचारलं.

‘काटकी दे त्याला,’ जोनस म्हणाला.

सिरिलनं सासऱ्याच्या पाठीवरच्या मोळीतून काटकी मोडली. लहानसाच आवाज झाला. दारावरचं ऊन कुणी कापड ओढून न्यावं तसं निघून गेलं.

मार्चमध्ये बाळ पायाळू निघालं. दोन दिवस ईव्ह पलंगाचे गज धरून होती. मध्येच केव्हातरी सुईणीचे, मिसेस ऑरबेल यांचे हात थांबले, त्या खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या, हे ईव्हला दिसलं आणि त्याचा अर्थही कळला. भिंतीपलीकडे स्वयंपाकघरात बाबांची खुर्ची करकरत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी बाळ रडलं.

‘दोघंही आहेत,’ मिसेस ऑरबेल दारातून म्हणाल्या. ‘मी तर आशा सोडली होती.’

‘दोघंही?’ भिंतीपलीकडून अँब्रोजचा आवाज आला.

‘दोघंही.’

‘दोघंही,’ तो स्वतःशीच म्हणाला. ईव्ह उठून पहिल्यांदा स्वयंपाकघरात आली तेव्हा चुलीवरच्या फळीवर जानेवारीपासून ठेवलेली काटकी तिथे नव्हती. ती बाबांच्या जाकिटाच्या खिशातून डोकावत होती.

मुलाचं नाव आजोबांचं ठेवावं, ही सिरिलची इच्छा. तो ते प्रेमानं म्हणाला होता, पण ईव्हच्या अंगावर काटा आला. जिवंत माणसाचं नाव असं उचलून घ्यायचं? तिनं भीत भीत बाबांकडे पाहिलं.

‘ठेवा की,’ अँब्रोज म्हणाला. ‘नाव मोकळं होणारच आहे.’

ईस्टरला अँब्रोज गॅरडचा बाप्तिस्मा झाला.

त्यानंतरचं वर्ष ईव्ह दर शनिवारी इप्सविचहून यायची. बाबा खोकले की तिचा घास अडायचा. त्यांचा हात कोयत्यानं कापला तेव्हा ती आठवडाभर राहिली आणि रोज जखम हुंगून बघायची. ‘जाळून टाका ना ती काटकी,’ ती म्हणायची. ‘ओली आहे अजून,’ तो म्हणायचा. तो मात्र कधी नव्हे इतका हसतमुख होता. लोहाराच्या घरी त्यानं दोन हिवाळ्यांचं सरपण एकदमच टाकलं. सप्टेंबरात म्हातारी घोडी एका धनगराला देऊन टाकली. ‘गाडी आता थोडीच ओढायचीय,’ असं म्हणाला आणि मग ईव्हचा चेहरा बघून म्हणाला, ‘गुडघे दुखतात गं माझे. तेवढंच.’

रविवारी सिरिल सायकल मारत यायचा आणि कोठारामागे दोघांची शिकवणी चालायची. सिरिलला ती नको होती, पण सासऱ्याला नाही म्हणणं त्याला जमत नव्हतं.

‘इतक्या लवकर पाऊल टाकायचं नाही. थांब. अजून थांब. आता तुला वाटतंय ना, लोक कंटाळले? त्याच्यानंतर अजून एक श्वास.’

‘मिस्टर डेथ, मी सायकली दुरुस्त करणारा माणूस आहे.’

‘मी काटक्या विकणारा होतो. आणि हे बघ, डोळ्यांत बघायचं नाही. भुवयांच्या मधे बघायचं.’

‘का?’

‘समोर आपलं माणूस आलं ना, की डोळ्यांनीच विनवशील, खोटं सांग म्हणून. पाहुण्यानं विनवायचं नसतं.’

नाताळ आला, गेला. अँब्रोज धडधाकट होता. चर्चबाहेर टॅबिथा पेकनं त्याला हाक मारली. ‘तुलाही घेत नाही वाटतं. ये, माझ्या शेजारी बस, पोरा.’ लोक हसले, आणि त्या हसण्यात सुटल्याचा आवाज होता. मुदतीला एकच आठवडा उरला होता.

नांगर-सोमवारी सकाळी कडक हिम पडलं होतं. अँब्रोजने चहात रस्क बुडवून खाल्ला, नातवाच्या मुठीत आपलं बोट दिलं, आणि टोपी घातली.

‘कुठे?’ ईव्हनं विचारलं.

‘सिरिलची काठी आणतो. त्याला कुठली फांदी घ्यायची कळायचं नाही.’

‘मी येते.’

‘पोराला गारठवतेस कशाला? तासाभरात येतो.’

ईव्ह खिडकीपाशी बसून ऊन मोजत राहिली. दारावरून ते जायला अजून सहा तास, अजून पाच. दुपारचे बारा वाजले तेव्हा ती सिरिलपुढे जाऊन उभी राहिली. तो जोनसला घेऊन रानात गेला.

अँब्रोज ॲशच्या झाडाला टेकून बसला होता. काठी सोलून, गाठी घासून गुळगुळीत केलेली, मांडीवर आडवी. चाकू मिटून खिशात ठेवलेला. उघडा चाकू त्यानं जन्मात कधी ठेवला नव्हता. काटकी मात्र खिशातून काढून मुठीत घेतलेली होती.

धनगरानं घोडी दिली. अँब्रोजला घेऊन गाडी गावातून आली तेव्हा कुणीतरी फळीवर पोतं टाकलं होतं, जिवंतांचा मान राखून. ईव्ह दारातून चालत गेली आणि तिनं पोतं ओढून काढलं.

‘त्यांचं नाव आहे ते,’ ती म्हणाली. ‘दिसू दे.’

दोन वाजता जोनस आला. टोपी हातात, घुंगरं मुठीत दाबलेली. ‘ईव्ह, कसं बोलू कळत नाही. पण दिवस पाहुण्याचाच आहे. तो नाही आला, तर गावाचं वर्ष उघडं राहतं.’

ती नाही म्हणेल म्हणून सिरिल तिच्याकडे बघत होता. तिनं कपाटातून पिठाचा डबा काढून त्याच्यापुढे ठेवला.

त्या दिवशी सरदार पडला तरी कुणी हळहळलं नाही. ढोल थांबला. कोठाराच्या अंधारातून पांढरा चेहरा पुढे आला आणि उंबरठ्यावर थांबला. आणखी थांबला. सगळ्यांना वाटलं आता येईल, तेव्हा आणखी एक श्वास. ईव्हनं कडेवरच्या बाळाला घट्ट धरलं. थांबणं बाबांचं होतं, अगदी हुबेहूब.

तो एकेकापुढे गेला. लोकांनी हळू आवाजात, घाईनं खोटी नावं सांगितली. टॅबिथा पेकपुढे तो थांबला तेव्हा म्हातारीनं बराच वेळ त्याच्याकडे पाहिलं आणि बावीस वर्षांत पहिल्यांदा म्हणाली, ‘मी कोपऱ्यावरची जुनी भिंत.’

मग तो ईव्हपुढे आला. ‘तुझं नाव काय?’

तो भुवयांच्या मधे बघत नव्हता. पिठाच्या थरातून सिरिलचे तपकिरी डोळे सरळ तिच्या डोळ्यांत बघत होते. खोटं सांग, ईव्ह. काहीही सांग.

‘मी बटाट्यांची राणी.’

काठी आपटली. ‘यादीत नाही.’ त्याचा श्वास बाहेर पडलेला तिच्या कपाळाला लागला. पण तो पुढे सरकला नाही. सरकता येत नव्हतं. वर्तुळात जितके जीव तितके प्रश्न, ही जोनसनं त्याला निघताना आठवण करून दिली होती. काठीचं टोक बाळाकडे वळलं.

‘आणि याचं?’

ईव्हनं स्वतःचं खोटं नाव वर्षभर मनात घोकलं होतं. याचं नाही. तिच्या जिभेवर एकच नाव आलं, खरं, दुपारपासून रडून रडून घेतलेलं, बाबांचं आणि बाळाचं, दोघांचंही. तिनं ओठ मिटले. दारावरचं ऊन वरच्या बिजागरीपाशी आलं होतं.

‘याचं अजून नाव ठेवलेलं नाही,’ ती म्हणाली.

ईस्टरला गावाच्या चर्चमध्ये, याच सगळ्यांसमोर ते ठेवलं गेलं होतं. कुणी हललं नाही. पाद्रीसाहेबांनी डोळे मिटले होते.

काठी जमिनीवर आपटण्यासाठी वर उचलली गेली, आणि वाटेतच अडली. बाळानं तिचं सोललेलं, पांढरं टोक मुठीत धरलं होतं. सिरिलनं ओढली. बाळ सोडेना. ते हसत नव्हतं, रडत नव्हतं, नुसतं त्या पांढऱ्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होतं. शेवटी बापाला एकेक करून त्याची बोटं उलगडावी लागली, करंगळीपासून.